पदर खोचून राजकारणात

फॅशन डिझायनर शायना एन. सी. यांच्या वाटचालीकडे आपण काय म्हणून पाहायचे?

'राजकारण हे काही बायकांचे काम नव्हे' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेले असते की ते कोणी म्हटले नाही तरी आपल्या कानात वाजत असते. त्यातून ती बाई साड्यांच्या, कपड्यांच्या व्यवसायातली असली तर बघायलाच नको! 'हिला काय कळतंय राजकारणातलं? ही साड्या नेसवणार की भाषणं करणार?' असे म्हणून मंडळी हसून मोकळी होतात. वकील राजकारणात गेला तर कोणी हसत नाही. डॉक्टर गेला, कारखानदार गेला, तर उलट कौतुक होते. नट गेला तर टाळ्या पडतात. मग सुई-दोऱ्याशी नाते असलेल्या बाईलाच हा प्रश्न का विचारला जातो?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आपल्याच महाराष्ट्रातले एक ठळक उदाहरण समोर आहे. ते म्हणजे मुंबईच्या शायना एन. सी. यांचे. टीव्हीवरच्या चर्चांमध्ये कपाळाला टिकली लावून, चापूनचोपून साडी नेसून, समोरच्याला बोलू न देता आपला मुद्दा रेटणारी ही बाई तुम्ही पाहिली असेलच. त्यांचा पक्ष तुम्हाला आवडो न आवडो, त्यांची मते पटोत न पटोत. पण साडीच्या दुकानातून निघून विधानसभेच्या निवडणुकीच्या रिंगणापर्यंत जाणे ही वाट काही रोजच्या पायाखालची नाही. म्हणून तिच्याकडे नीट पाहायला हवे, कौतुकानेही आणि थोड्या परखडपणानेही.

आईचे अंगुस्तान, वडिलांचा फलक

शायना यांचा जन्म १९७२ सालचा, मुंबईतला. घर दक्षिण मुंबईतले, सुखवस्तू. वडील नाना चुडासामा हे मुंबईचे माजी शेरीफ. शेरीफ हे पद राजकारणाचे नव्हे, मानाचे. शहरातल्या प्रतिष्ठित नागरिकाला ते दिले जाते. नानांनी १९७२ मध्येच 'जायंट्स' ही समाजसेवी संस्था सुरू केली. तिच्या शाखा आज लहान लहान गावांतूनही दिसतात. रक्तदान, नेत्रतपासणी, वह्यावाटप अशी कामे 'जायंट्स ग्रुप'च्या नावाने चाललेली आपल्यापैकी कित्येकींनी पाहिली असतील. 'आय लव्ह मुंबई' ही शहराच्या हिरवाईसाठी झटणारी संस्थाही नानांचीच. २००५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले.

पण मुंबईकरांना नाना आठवतात ते मरीन ड्राइव्हवरच्या त्यांच्या फलकामुळे. एक-दोन ओळींचा खोचक मजकूर, कधी सरकारला चिमटा, कधी विरोधकांना, कधी आपल्या सगळ्यांनाच. बसमधून जाता-येता लोक तो वाचत आणि हसत. वर्षानुवर्षे हा फलक चालला. ज्या घरात रोजच्या बातमीवर एका ओळीत काय म्हणता येईल याचा विचार चालत असेल, त्या घरातली मुलगी पुढे पक्षाची प्रवक्ती झाली यात नवल ते काय?

आई मुनिरा यांचे स्वतःचे कपड्यांचे बुटीक होते. त्याचे नाव 'गोल्डन थिंबल'. थिंबल म्हणजे शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते अंगुस्तान. सोन्याचे अंगुस्तान! नाव किती छान आहे पाहा. वडील हिंदू, आई मुसलमान. घरात दोन्ही धर्मांचे वारे. एका बाजूला शहराची उठाठेव करणारे वडील आणि दुसऱ्या बाजूला कापड, कात्री, गिऱ्हाईक सांभाळणारी आई. मुलीने दोघांचेही उचलले.

शाळा क्वीन मेरी, कॉलेज सेंट झेवियर्स. पदवीला विषय कोणता, तर राज्यशास्त्र! म्हणजे 'साडीवाली बाई राजकारणात शिरली' असे जे म्हटले जाते, ते तसे उलटेच आहे. राज्यशास्त्र आधी आले, शिवणशास्त्र नंतर. पदवीनंतर न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्यांनी पोशाखाचे रीतसर शिक्षण घेतले आणि परत येऊन आईच्याच क्षेत्रात उतरल्या.

आता त्या 'एन. सी.'बद्दल. एन. सी. म्हणजे नाना चुडासामा. लग्नानंतरही त्यांनी वडिलांच्या नावाची ही आद्याक्षरेच आडनावासारखी लावली. आपल्याकडे लग्न झाले की मधले नाव बदलते, आडनाव बदलते, काही घरांत तर तांदळाच्या ताटात पहिले नावही बदलून लिहितात. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरे, बँकेत तिसरे. मग ऐन कामाच्या वेळी 'ही तीच बाई' म्हणून प्रतिज्ञापत्र करीत हिंडायचे. नाव बदलावे की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण ज्या बाईला नावावर धंदा करायचा आहे किंवा नावावर मते मागायची आहेत, तिला ते एकच आणि टिकाऊ असावे लागते, एवढे मात्र खरे.

साडी एक, तऱ्हा चोपन्न

शायना यांचे नाव झाले ते साडीमुळे. त्या साडी चोपन्न तऱ्हांनी नेसवतात अशी त्यांची ख्याती आहे. सर्वांत झटपट साडी नेसवण्याच्या विक्रमासाठी गिनीज बुकाशीही त्यांचे नाव जोडले जाते. परदेशी गाऊन आणि जीन्सची चलती असताना त्यांनी साडीच हाती धरली आणि तिला नवे वळण दिले. पँटवर साडी, लेहेंग्यासारखी साडी, पट्टा बांधलेली साडी. आपल्या आजीने पाहिले असते तर पदर तोंडाला लावून हसली असती. पण कॉलेजच्या मुली साडी नेसायला तयार झाल्या, हे काय थोडे झाले?

'चोपन्न' ऐकून डोळे विस्फारू नका. आपल्या देशात साडी नेसायच्या शंभरावर तऱ्हा अभ्यासकांनी नोंदलेल्या आहेत. त्यांतल्या दोन-चार तर आपल्या दारातच आहेत. मालवणच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो, तिथे काष्टा मारून, टोपली डोक्यावर घेऊन भराभर चालणाऱ्या म्हाताऱ्या कोळणी, गाबतिणी आठवा. ते नऊवारी लुगडे म्हणजे सोय आणि अब्रू यांचा उत्तम मेळ. वाळूत चालता येते, पाण्यात उतरता येते, लावणीला वाकता येते. पलीकडे गोव्यात उतरलात तर कुणबी साडी आहे. लाल चौकड्यांची, आखूड, खांद्यावर गाठ मारून नेसायची. ती अगदी नाहीशी व्हायला आली होती. गोव्याचे नामवंत डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा विणून घेतली आणि फॅशनच्या मंचावर मानाने आणली. त्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली. २०२० साली ते वारले. ते राजकारणात नव्हते, पण गोव्यातल्या सार्वजनिक प्रश्नांवर बेधडक बोलत.

आणि आपण आज सर्रास नेसतो ती पाचवारी, डाव्या खांद्यावर पदर घेतलेली साडी? तिची कुळकथाही सार्वजनिक जीवनातलीच आहे. सत्येंद्रनाथ टागोर हे आय. सी. एस. झालेले पहिले भारतीय. १८६० च्या दशकात त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. पुढे ते कारवारलाही न्यायाधीश होते. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी त्यांच्याबरोबर मुंबईला आल्या. बंगालमधली त्या वेळची साडी घराबाहेर, चारचौघांत नेसण्याजोगी नव्हती. मुंबईत पारशी बायकांचे नेसणे त्यांनी पाहिले, त्यात आपल्या सोयीने फेरफार केला, आणि कलकत्त्याला परतल्यावर इतर बायकांनाही ते शिकवले. म्हणजे बायका घराबाहेर पडायला लागल्या आणि साडीने रूप बदलले. साडीचा आणि बाईच्या सार्वजनिक वावराचा संबंध असा जुना आहे. तो काही शायनाबाईंनी नव्याने जोडला नाही.

झटपट नेसवण्याचे मर्मही ऐकून ठेवा, सकाळी डबे भरून साडेसातची शाळा किंवा नऊचे ऑफिस गाठणाऱ्यांच्या कामाचे आहे. वेळ जातो तो साडी गुंडाळण्यात नव्हे, निऱ्या आणि पदर सारखे करण्यात. ते काम आदल्या रात्री करावे. पदराच्या पट्ट्या घालून वर पिन लावावी, निऱ्या घालून चिमटा लावावा आणि साडी तशीच हँगरला टांगावी. सकाळी पाच मिनिटांत बाई तयार. आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत साध्या पिना गंजतात आणि साडीवर तांबडे डाग पडतात ते कधी जात नाहीत. म्हणून पिना स्टीलच्याच घ्याव्यात, आणि त्याही रात्रभर पावसाळी हवेत साडीला लावून ठेवू नयेत. तेव्हा लाकडी चिमटे बरे. सुती साडीला पेजेची पातळ खळ द्यावी, निऱ्या ऐकतात.

पक्षाच्या कचेरीत वीस वर्षे

२००४ साली शायना भारतीय जनता पक्षात दाखल झाल्या. तेव्हा त्या तिशीच्या पुढे होत्या. नाव झालेले, व्यवसाय चाललेला, संसार मांडलेला. निवडणुका आल्या की दरवर्षी कुणी ना कुणी प्रसिद्ध माणसे पक्षात येतात. हार घालतात, फोटो निघतो, प्रचाराच्या जीपमधून हात हलवतात आणि निकालानंतर दिसेनाशी होतात. शायना मात्र टिकल्या.

त्या पक्षाच्या महाराष्ट्राच्या प्रवक्त्या झाल्या, राष्ट्रीय कार्यकारिणीच्या सदस्य झाल्या, आणि महाराष्ट्र भाजपच्या खजिनदारही झाल्या. यातले शेवटचे पद मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. प्रवक्तेपद दिसायला मोठे. पण खजिनदारपद म्हणजे विश्वासाची किल्ली. पक्षाकडे येणाऱ्या देणग्या, त्यांच्या पावत्या, जमाखर्च, हिशेबतपासनीस. वीस हजारांवरच्या देणग्यांचा तपशील निवडणूक आयोगाला द्यावा लागतो. आपण महिन्याच्या पगारात दूधवाला, वाणी, शाळेची फी, सासऱ्यांची औषधे आणि गणपतीचा खर्च बसवतो तेव्हा त्याला कोणी 'अर्थकारण' म्हणत नाही. पण हाताला हिशेबाची सवय असते ती हीच. ज्या बाईने गिऱ्हाईकांची उधारी, कारागिरांची मजुरी आणि कापडाची खरेदी सांभाळली आहे, तिला हिशेब नवा नसतो.

आता दुसरी बाजूही पाहू. या वीस वर्षांत त्यांना पक्षाने पदे दिली, व्यासपीठ दिले, टीव्हीवर बाजू मांडायला बसवले. पण विधानसभेची किंवा लोकसभेची उमेदवारी दिली नाही. ही गोष्ट एका पक्षाची वा एका बाईची नाही. सगळ्याच पक्षांत बायकांच्या वाट्याला बोलण्याचे काम येते, रांगोळीचे येते, सभेत पुढच्या रांगा भरायचे येते. तिकीट वाटायची वेळ आली की मात्र 'निवडून येण्याची क्षमता' नावाचे माप बाहेर निघते, आणि त्या मापात बायका नेहमी थोड्या कमी भरतात! २०२४ च्या निवडणुकीनंतर महाराष्ट्र विधानसभेत २८८ आमदार बसले, त्यांत बायका पंचवीससुद्धा नव्हत्या. राज्यात मतदार म्हणून आपण जवळजवळ निम्म्या, आणि सभागृहात दहातली एकही नाही. हा हिशेब कुठल्या खजिनदाराला पटेल?

मुंबादेवीची लढत

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत शायना यांचे नाव आधी वरळीसाठी चर्चेत होते. ती जागा मित्रपक्षाकडे गेली. मग ऑक्टोबरच्या अखेरीस, अर्ज भरायची मुदत संपत आली असताना, त्यांनी एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत प्रवेश केला आणि त्यांना दक्षिण मुंबईतल्या मुंबादेवी मतदारसंघाची उमेदवारी मिळाली. वीस वर्षे एका पक्षात, आणि उमेदवारी दुसऱ्या पक्षाची! युतीतल्या जागावाटपात असे प्रकार होतात हे खरे. पण मतदाराने विचारलेच, की ताई, काल तुमची निशाणी कमळ होती, आज धनुष्यबाण कशी, तर त्याला काही वावगे म्हणता येणार नाही.

मुंबादेवी मतदारसंघ म्हणजे नागपाडा, कामाठीपुरा असा दाटीवाटीचा भाग. जुन्या चाळी, पडायला आलेल्या इमारती, अरुंद गल्ल्या, पाण्याची ओरड. समोर होते काँग्रेसचे अमीन पटेल. ते २००९ पासून तिथून सतत निवडून आलेले. अशा मुरलेल्या आमदारासमोर शायना यांना प्रचाराला जेमतेम तीन आठवडे मिळाले. २० नोव्हेंबरला मतदान झाले, २३ ला निकाल लागला. महायुतीची राज्यभर लाट असतानाही शायना सुमारे पस्तीस हजार मतांनी हरल्या. दुसऱ्या क्रमांकाची मते मात्र त्यांनाच मिळाली.

त्या का हरल्या? विरोधक म्हणतील, उपरी उमेदवार. पक्षाचे लोक म्हणतील, अवघड जागा दिली. दोन्हींत तथ्य आहे. पण आपल्यासारख्यांनी यातून घ्यायचे ते वेगळेच आहे. टीव्हीवर रोज दिसणे आणि गल्लीत रोज दिसणे या दोन गोष्टी निराळ्या. नळाला पाणी न येणाऱ्या बाईला आपल्या बाजूने कोण उभे राहिले होते तेवढे आठवते. टीव्हीवर कोण चांगले बोलले होते, ते नाही आठवत.

इथे मृणाल गोरे यांची आठवण येते. 'पाणीवाली बाई' म्हणून गोरेगावकर त्यांना ओळखत. पाण्याच्या प्रश्नावर त्यांनी पालिकेत भांडण मांडले. १९६१ साली नगरसेविका, १९७२ साली आमदार, १९७७ साली खासदार. १९७२ मध्ये महागाईविरुद्ध लाटणी हातात घेतलेल्या बायकांचा मोर्चा निघाला, त्यात अहिल्या रांगणेकरांसारख्या दुसऱ्या पक्षातल्या बायाही त्यांच्याबरोबर होत्या. लाटणे हे काय राजकारणाचे हत्यार? पण झालेच ना! साधन लाटणे आहे की साडी, याने फारसे अडत नाही. ते कोणासाठी हातात घेतले आणि किती वर्षे खाली ठेवले नाही, यावर सगळे ठरते.

एक शब्द आणि त्याचे ओरखडे

मुंबादेवीच्या प्रचारात एक प्रसंग घडला तो राज्यभर गाजला. प्रतिस्पर्धी आघाडीतले, उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे खासदार अरविंद सावंत यांनी शायना यांच्या उमेदवारीबद्दल बोलताना 'इम्पोर्टेड माल' असे शब्द वापरले. बाहेरून आणलेला उमेदवार, असे आपल्याला म्हणायचे होते, शब्दाचा विपर्यास झाला, असे सावंत यांचे म्हणणे. पुढे त्यांनी खेदही व्यक्त केला. शायना यांनी नागपाडा पोलीस ठाण्यात तक्रार दिली, गुन्हा नोंदला गेला. 'महिला हूँ, माल नहीं' हे त्यांचे उत्तर सगळ्या वर्तमानपत्रांत आले.

यात कोण किती चुकले याचा न्याय करायला आपण बसलेलो नाही. असे शब्द कुठल्या एकाच पक्षाची मक्तेदारी आहेत असेही नव्हे. जुनी वर्तमानपत्रे चाळा, सगळ्या रंगांच्या झेंड्यांखाली ते सापडतील. पण एक विचारावेसे वाटते. बाहेरून आलेल्या पुरुष उमेदवाराला आपण 'उपरा' म्हणतो, 'पाहुणा' म्हणतो, 'आयाराम' म्हणतो. त्याला कधी 'माल' म्हटल्याचे ऐकले आहे? 'माल' हा शब्द बाजारातला. तो पुरुषाला लावला तर लोक गोंधळतील, बाईला लावला तर लगेच समजतात. हे समजणे हीच तर दुखरी जागा आहे.

आणि कपड्यांच्या व्यवसायातून आलेल्या बाईला तो अधिक सहज चिकटतो. तिचे दिसणे, तिचे नेसणे, तिची टिकली यांवर बोलायचा जणू परवानाच मिळालेला असतो. बाजारात हा विषय निघाला तेव्हा एक म्हातारी कोळीण मासे कापता कापता म्हणाली, "साडयो नेसवन मतां गावतत काय गो?" सगळ्या हसल्या. मग तीच पुढे म्हणाली, "पन बाये, तां असां बोलूक नाय होतां." राजकारण तिला ठाऊक असो नसो, मर्यादा कुठे सुटली ते तिला बरोबर कळले.

अशा वेळी गप्प बसावे की बोलावे? आपल्याला लहानपणापासून शिकवतात, 'दुर्लक्ष कर, शहाण्या बाईने तोंडाला लागू नये.' शायना यांनी दुर्लक्ष केले नाही. निवडणुकीच्या धामधुमीत पोलीस ठाणे गाठले. त्यात राजकीय हिशेबही असेल. निवडणुकीत कोण हिशेब करीत नाही? पण एका बाईने तक्रार केली की पुढच्या बाईबद्दल बोलताना जीभ जरा चाचरते, एवढा फायदा तरी सगळ्यांचाच आहे.

कमलादेवींचा उलटा प्रवास

कापड आणि राजकारण यांची सांगड घालणाऱ्या बायकांत शायना पहिल्या नव्हेत. सगळ्यांत मोठे नाव कमलादेवी चट्टोपाध्याय यांचे. मंगळूरच्या सारस्वत घरातला १९०३ चा जन्म, बालवैधव्य, पुढे पुनर्विवाह. १९२६ साली मद्रास कायदेमंडळाच्या निवडणुकीला त्या उभ्या राहिल्या तेव्हा कायदेमंडळाची निवडणूक लढवणारी बाई हीच अपूर्वाई होती. थोडक्या मतांनी त्या हरल्या. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात बायकांना घ्यावे म्हणून त्यांनी गांधीजींचे मन वळवले आणि मुंबईत मिठाच्या पुड्या विकून तुरुंगात गेल्या.

स्वातंत्र्यानंतर मात्र त्या सत्तेच्या राजकारणातून बाजूला झाल्या आणि विणकर, कुंभार, कारागीर यांच्या कामात बुडाल्या. १९५२ साली हस्तकला मंडळ स्थापन झाले, त्याची धुरा त्यांनी वर्षानुवर्षे वाहिली. आज आपण प्रदर्शनातून हौसेने जी हातमागाची साडी घेतो, ती टिकून राहण्यामागे त्यांचे कष्ट आहेत. शायना कापडाकडून राजकारणाकडे गेल्या, कमलादेवी राजकारणाकडून कापडाकडे आल्या. जया जेटली यांनी दोन्ही एकाच वेळी केले. समता पक्षाच्या त्या अध्यक्ष होत्या आणि १९९४ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली हाटच्या कल्पनेमागेही त्याच होत्या.

आपल्या जिल्ह्यात सावंतवाडीच्या राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी मरू घातलेली गंजिफा आणि लाखकाम पुन्हा उभे केले. ती कला राजवाड्यात टिकली म्हणून आज सावंतवाडीचे नाव देशभर आहे. त्या निवडणुकीच्या राजकारणात नव्हत्या, पण दहा हातांना काम देणे हेही लोककारणच. या सगळ्या बायकांशी तुलना केली की शायना यांच्याकडून एक अपेक्षा मनात येते. साडीने त्यांना नाव दिले. त्या साडीच्या विणकरांचा प्रश्न त्यांच्या राजकारणात आणखी ठळकपणे आला तर त्यांच्या दोन आयुष्यांची शिवण अधिक पक्की होईल.

आपल्या गावात याचा अर्थ काय?

तुम्ही म्हणाल, दक्षिण मुंबईतल्या श्रीमंत घरातल्या बाईची गोष्ट आम्हाला काय उपयोगाची? वडील शेरीफ, शिक्षण न्यूयॉर्कला, ओळखी मोठ्या. प्रश्न रास्त आहे. त्यांना पहिली पायरी चढायला जे बळ मिळाले ते आपल्याकडे नाही. पण एक दार आपल्यासाठी त्यांच्यापेक्षाही सताड उघडे आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपालिकांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. विधानसभा आणि लोकसभेत एक तृतीयांश जागा राखण्याचा कायदा २०२३ मध्ये झाला, जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर तो लागू करायचा अशी त्यात तरतूद झाली. म्हणजे मालवण, वेंगुर्ले, कणकवली, सावंतवाडीच्या पालिकेत जाणे हे आपल्यासारख्या बाईला अगदी आवाक्यातले आहे. वयाची एकवीस वर्षे पुरी हवीत आणि मतदारयादीत नाव हवे.

अडते ते दुसरीकडेच. जागा बाईची, फलकावर फोटो बाईचा, आणि सभेत बोलायला नवरा! 'सरपंचपती' हे नवेच पद आपण निर्माण केले आहे. तिथे शायना यांच्याकडून घेण्यासारखे नक्कीच आहे. त्या स्वतःचे नाव लावतात, स्वतः बोलतात, विरोधकाच्या डोळ्याला डोळा देऊन उत्तर देतात. हे बुटीकमध्ये गिऱ्हाईकांशी बोलून आले असेल, नाहीतर घरच्या फलकावरून. आपल्यालाही ते यायला हरकत नाही. मासळीच्या लिलावात बोली लावणाऱ्या बायकांच्या जिल्ह्यात कोणाला बोलायला शिकवायचे?

सुरुवात छोट्या गोष्टींनी करता येते. बचतगटाचे हिशेब स्वतः लिहा, लिहून घेऊ नका. नळाच्या, कचऱ्याच्या तक्रारीचा अर्ज स्वतःच्या नावाने द्या आणि पोच घ्या. माहेरच्या खेड्यात ग्रामसभा असेल तर तिच्या आधी होणाऱ्या महिलासभेला बसा. शाळेच्या व्यवस्थापन समितीत बायकांना जागा असते, ती नुसत्या सहीपुरती ठेवू नका. आणि एखादी मैत्रीण निवडणुकीला उभी राहिली तर 'हिला काय कळतंय' हे निदान आपण बायकांनी तरी म्हणू नये.

शायना एन. सी. यांनी अजून एकही निवडणूक जिंकलेली नाही. पराभवानंतर त्या घरी बसल्या नाहीत, आपल्या नव्या पक्षाची बाजू मांडतच राहिल्या. त्यांचे पुढे काय होईल ते त्यांचे मतदार ठरवतील. नेसताना निऱ्या सुटल्या म्हणून कोणी साडी फेकून देत नाही. पुन्हा गोळा करते, पुन्हा खोचते आणि कामाला लागते. राजकारणातही बायकांना इतकेच करायचे आहे, आणि ते आपल्याला पूर्वीपासून येते.